आधी टेप, मग खुर्ची (प्रश्नोत्तरं)

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच साच्याचे आहेत. "माझी उंची इतकी, तर ओटा किती, टेबल किती, खुर्ची किती?" अहो, डोक्यापर्यंतच्या उंचीवरून टेबल ठरत नाही. हे मी आधीही लिहिलंय, आता परत लिहिते.

प्रश्न : नवीन फ्लॅटचं किचन चाललंय. इंटिरिअरवाला म्हणतो 34 इंच स्टँडर्ड आहे, सगळे तेवढाच करतात. माझी उंची 4 फूट 11 इंच. करू का?

नका करू, निदान आज तरी नका. स्टँडर्ड म्हणजे नक्की कोणाचं ते त्याला विचारा, तुमच्या घरात रोज उभं कोण राहणार ते त्याने विचारलं का? ओट्याचा संबंध कोपराशी. घरात स्लीपर घालत असाल तर ती घालून सरळ उभ्या राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात, आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा (स्वतः मोजायला वाकलात की माप गेलंच). त्यातून 10 ते 15 सेंमी वजा करा, ही चिरण्या-निवडण्याची उंची. तुमचं कोपर साधारण 94 सेंमीच्या आसपास असेल, म्हणजे ओटा 31 ते 33 इंच. हा अंदाज आहे, यावर ग्रॅनाइटची ऑर्डर देऊ नका!

पोळ्या लाटायला वरून जोर लावावा लागतो, तिथे अजून थोडं खाली बरं. शेगडी मुळातच चारेक इंच वर असते, त्यावर मोठं पातेलं, मग आमटी ढवळताना खांदा कानाला लागतो. सिंकचं उलट, त्याचा तळ खाली म्हणून पाठ वाकते. एकाच पातळीचा सलग ओटा फोटोत छान दिसतो, एवढंच. दगड बसल्यावर फोन करणारे खूप आहेत, मग पायाखाली पाट घ्या म्हणायची वेळ येते आणि गॅसपाशी पाटावरून पाय घसरला तर काय, म्हणून तेही सांगायला नको वाटतं. माप घेऊन दगड कापायच्या आधी कोणालातरी दाखवा.

प्रश्न : शिवणकामाच्या टेपने मोजलं तर चालेल का?

चालेल. जुनी, ताणलेली नको.

प्रश्न : चाकणजवळ आमचं छोटं युनिट आहे, 14 जण उभ्याने पॅकिंग करतात. सगळ्यांची मापं घेऊन सरासरी काढली आणि त्या उंचीची टेबलं केली, तरी निम्मे लोक कुरकुर करतात. लोकांना सवयच असते का?

लोकांना नाही, तुम्हाला सरासरीची सवय आहे. रागावू नका, पण हा माझा दुखरा विषय आहे.

1950 च्या सुमाराला अमेरिकन हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली, आणि गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली कॉकपिटसाठी महत्त्वाची 10 मापं निवडून पाहिलं की दहाच्या दहा मापांत मधल्या (म्हणजे सरासरीच्या आसपासच्या) पट्ट्यात बसणारे किती. 4,063 पैकी एकही नाही. शून्य! एखाद्याचे हात लांब तर धड आखूड, एखाद्याचं उलट. सरासरी माणसासाठी केलेलं कॉकपिट कोणासाठीच नव्हतं, मग सीट पुढेमागे-वरखाली होणाऱ्या आल्या.

तुमच्याकडेही तेच झालंय, उंच मुलगा वाकतोय आणि बुटक्या ताई खांदे उचलून खोक्याला चिकटपट्टी लावतायत. नियम असा, हात पोचायचा प्रश्न असेल तिथे सगळ्यात छोट्याला धरायचं, अंग मावायचं किंवा डोकं आपटायचा प्रश्न असेल तिथे सगळ्यात मोठ्याला. वरच्या फळीवरचा खोका सगळ्यात बुटक्या बाईला टाचा न उचलता मिळाला पाहिजे. टेबल वरखाली होणारं परवडत नसेल तर उंच माणसाच्या कोपरावरून करा आणि बाकीच्यांना रुंद, न हलणारा, न घसरणारा लाकडी प्लॅटफॉर्म द्या. आणि खोका जड असेल तर टेबलाची उंची नव्हे, खोक्याची वरची कड धरून हिशोब करायचा, हे हमखास विसरतात. एकदा तज्ज्ञाला लाइनवर उभं करून बघू द्या, मेलवर मी याहून जास्त सांगणार नाही.

प्रश्न : 18 हजारांची 'अर्गोनॉमिक' (म्हणजे शरीराला सोयीची) खुर्ची घेतली. सगळ्यात खाली केली तरी पाय नीट टेकत नाहीत. आठ महिने उजव्या पायाला मुंग्या येतायत. कुठली खुर्ची घेऊ?

खुर्ची राहू द्या. आठ महिने?? आधी डॉक्टर, याच आठवड्यात. मुंग्या खुर्चीमुळेच आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं, सेल्समननेच ना?

तोवर पायाखाली भक्कम फुटरेस्ट घ्या. आणि पुढच्या वेळी दुकानात टेप न्या, पाऊल जमिनीवर सपाट ठेवून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतची उंची, सीट त्याहून वर नको. सीटची पुढची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. 'अर्गोनॉमिक' हा शब्द खोक्यावर कोणीही छापतं, माप मात्र छापत नाहीत.

प्रश्न : डिझाइनला आहे. प्रोजेक्टसाठी शरीराच्या मापांच्या परदेशी तक्त्यातले आकडे 0.95 ने गुणले तर भारतीय माप मिळेल ना?

नाही. माणूस झेरॉक्सवर लहान करता येत नाही, पाय आणि धड यांचं प्रमाणही वेगळं असतं. अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) 1997 मध्ये देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय मापांचं पुस्तक काढलंय, शेतीची अवजारं असतील तर भोपाळच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेची शेतकामगारांची मापं आहेत, लायब्ररीत जा. आणि पाचव्या पर्सेंटाइलचा (शंभरातल्या पाच जणांचंच माप ज्याहून कमी असतं तो) पाय अधिक पाचव्या पर्सेंटाइलचं धड केलं की पाचव्या पर्सेंटाइलचा माणूस होत नाही, ही बेरीज करून सबमिट करू नका. आकडे गाइडला दाखवा, आणि ज्यांच्यासाठी करताय त्या दहा जणांना तरी मोजा.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. दहावीपर्यंत पुरेल असं टेबल घ्यावं का?

युनिफॉर्म दहावीच्या मापाचा घेतलात का? उंची बदलता येणारं घ्या आणि दर जूनमध्ये परत मोजा.