मुलगा आंदोलनात दिसला, आता हाताबाहेर जाईल का?

"पोरगं टीव्हीवर दिसलं मॅडम, रात्रीचं रस्त्यावर बसलेलं. एवढं शिकवून वाया जाणार का?" मराठवाड्यातले एक शेतकरी काका विचारत होते. ऑगस्ट 2024 मधली गोष्ट. लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली होती. कृषी विभागाची 258 पदंही राज्यसेवेत घ्या, अशी मागणी होती. मुलगा कृषी पदवीधर, म्हणून तोही पुण्यात शास्त्री रस्त्यावर बसला. शेवटी आयोगाने परीक्षा पुढे ढकलली.

शिकलेलं पोर रिकामं राहिलं की भडकतं, टोळक्याला लागतं, ही धास्ती अनेक घरांत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार 2022 मध्ये आपल्याकडे पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4. ज्याला थांबणं परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो. ज्याच्या शिक्षणासाठी घरानं कर्ज काढलं, तो कमी पगाराची नोकरी घरी सांगणार कशी?

मुलगा भेटला तेव्हा त्याच्या रागाची मला काळजी वाटली नाही. तारीख मागणं हा त्याचा हक्कच आहे. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टींची. गावी जाताना तो शेवटची एसटी धरायचा, अंधारात उतरलं की पारावर कुणी "लागला का रे?" विचारत नाही. चुलतबहिणीच्या लग्नाला गेला नव्हता. मेसचा डबा एकवेळचा केला होता. जीव नकोसा होतो का, हे मी सरळ विचारलं. "कधीकधी," म्हणाला. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर फोनमध्ये भरून दिला. असं पोर घरात असेल तर आधी हे बघा, मोर्चाचं नंतर.

काकांना म्हटलं, फोनवर निकाल विचारू नका, शेतीचं विचारा. त्यांनी सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकचं विचारलं. पोरानं पांढरी माशी रोग कशी पसरवते ते समजावलं, रोगट झाडं उपटायला लावली, चिकट सापळे कुठे लावायचे ते सांगितलं. बऱ्याच दिवसांनी बापलेक इतका वेळ बोलले.

पूर्व परीक्षा 1 डिसेंबरला झाली, त्यानं दिली. किती वर्षं थांबायचं हे आता दोघं मिळून ठरवताहेत. कृषी सेवा केंद्राच्या परवान्याला त्याची पदवी चालते. त्याची कागदपत्रं काका स्वतःच गोळा करताहेत.