वयाच्या ३२ व्या वर्षी फिजिओथेरपीला जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी परभणीची, वय ३२, एका पतसंस्थेत क्लार्कचं काम करायलेय, मुलगी पहिलीत आहे. २०११ ला बारावी सायन्स झाले, बायोलॉजी होतं, पण घरची परिस्थिती बघून बीकॉम केलं अन् नोकरी धरली. दोन वर्षांखाली सासूबाईंना लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली होती. फिजिओथेरपीच्या मॅडम घरी यायच्या, सहा महिन्यांत सासूबाई काठी धरून अंगणात चालायला लागल्या. तेव्हापासून वाटतंय आपण पण हेच शिकावं. मालक हो म्हणतात, बाकीचे म्हणायलेत आता काहून, पोरीचं बघ. जमेल का अन् सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, वयाचं आधी सांगते कारण सगळे तिथंच अडवतात. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, वयाची वरची अट २०२२ पासून राहिलेली नाही. आपल्याकडं बीपीटीएचचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीचं, अ‍ॅडमिशन नीटच्या मार्कांवर, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) राऊंडमधून होतं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, मधलं बीकॉम आडवं येत नाही.

पण लगेच पुस्तकं आणायला धावू नका. आधी त्या मॅडमना किंवा एखाद्या दवाखान्यातल्या फिजिओ ओपीडीला विचारून दोन-तीन आठवडे, सुट्टी काढून का होईना, नुसतं बसून बघा. तुम्ही सासूबाईंचं चालणं बघितलं, ते शेवटचं चित्र होतं. रोजचं काम म्हणजे उसतोडीहून आलेला माणूस, कंबर धरलेली, त्याला वाकायचं कसं हे दहादा दाखवायचं अन् तो म्हणणार मॅडम नुसती मशीन लावा, शेक द्या. खांदा जाम झालेल्या आजी हात वर नेताना रडतात, तरी मोजून तेवढ्याच वेळा तोच हात न्यायचा, घाई नाही अन् दया येऊन सोडायचं पण नाही. दिवसभर उभं राहणं, पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेणं, तुमच्या स्वतःच्या कमरेचा पण विचार करा. मी पण नोकरी सोडूनच या लाईनीत आले, २९ व्या वर्षी, मला विचाराल तर असंच बसून बघितलेल्या तीन आठवड्यांनी जेवढं कळलं तेवढं कुठल्या माहितीपत्रकानं कळलं नाही. हे बघूनही मन तिथंच ओढलं तर पुढचं करा.

पुढचं म्हणजे हिशोब. कोर्स आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता, २०२५ च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच वर्षं झालीत, एक वर्ष इंटर्नशिपचं. म्हणजे तयारीच्या वर्षानंतर मुलगी सातवीत जाईपर्यंत घरातला एक पगार बंद असं समजून घरच्यांसोबत बसा, कागदावर लिहा. मात्र एक गोष्ट लई कामाची आहे, २०२४ पासून राज्य सरकारनं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) मुलींना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन अन् परीक्षा फी पूर्ण माफ केली. ती कॅपमधून मिळालेल्या जागेलाच, मॅनेजमेंट कोट्याला नाही अन् खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला पण नाही. संभाजीनगरचं एमजीएमचं कॉलेज अभिमतमधे येतं, तेव्हा फॉर्म भरताना हा फरक ध्यानात ठेवा. लग्न झालंय तर उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावचा लागतो हे सेतू केंद्रात आत्ताच विचारून ठेवा, जात प्रमाणपत्र अन् नॉन क्रीमी लेअर पण, आयत्या वेळी तहसीलच्या चकरा मारताना लोकांच्या जागा गेलेल्या मी बघितल्यात.

अभ्यासाचं म्हणाल तर नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, त्यातले ९० बायोलॉजीचे, बरोबरला चार मार्क अन् चुकलं की एक कट. पंधरा वर्षांनी फिजिक्स हातात घेतलं की घाबरायला होतं म्हणून सुरुवात बायोलॉजीपासून करा, अकरावी-बारावीचं एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ, पेपर मराठीतून पण देता येतो पण पुढं कॉलेजात सगळं इंग्रजीत आहे तर दोन्ही शब्द पाठ असू द्या. लातूरला जाऊन क्लास लावायलाच पाहिजे असं नाही, लहान मूल असताना रोज पहाटे दोन तास घरी होत असतील तर तेच धरा. अन् परीक्षा मे मधे असते, तोवर नोकरी सोडू नका.

एक कळकळीचं सांगते, सहा महिन्यांत वर्षात फिजिओथेरपी शिकवतो म्हणणारे गावोगावी बसलेत, तिकडं पैसा घालू नका. आपल्या राज्यात प्रॅक्टिसला ऑक्युपेशनल थेरपी अन् फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, ते असल्या सर्टिफिकेटवर मिळत नाही, अन् लकव्याच्या माणसाचा लुळा पडलेला खांदा चुकीचा ओढला तर त्याचं दुखणं वाढतं, ते तो आयुष्यभर भोगतो.

बाकीच्यांशी वाद घालू नका. सासूबाईंनाच विचारा, त्यांचं काय म्हणणं आहे ते मला पुढच्या पत्रात कळवा.