"तिला जास्त का?" म्हणून जो मुलगा रडतो, त्याला हावरट म्हणू नकोस
अगं, तीन-चार वर्षांच्या मुलांना आपल्याला कमी मिळालेलं लगेच कळतं, पण आपल्याला जास्त मिळालं तरी ते बरोबर नाही असं वाटायला बऱ्याच जणांना आठेक वर्षं लागतात, आणि २०१५ च्या सात देशांतल्या एका अभ्यासात तर हे दुसरं फक्त अमेरिका, कॅनडा, युगांडा इथल्याच मुलांत दिसलं. माझी लेक चारची असताना "सगळ्यांना सारखं द्यायचं" असं घडाघडा सांगायची आणि सहातले पाच स्टिकर मुठीत घट्ट धरून बसायची! ओरडून काही होत नाही गं. वाटे एकाला करू दे, आधी उचलायचं दुसऱ्याने, आणि तू कमीजास्त दिलंस तर कारण सांग, "ती आजारी होती म्हणून" एवढंही पुरतं.