आधी रुग्णाला विचार

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. बेळगावच्या वॉर्डात तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जीवनाच्या गुणवत्तेचा अभ्यास तू हाती घेतला आहेस. नातेवाईक म्हणतात, आईला आजाराचे नाव कळता कामा नये, काय ते आम्हाला विचारा. आणि मार्गदर्शक म्हणतात, संख्या भरायची आहे, मुलाकडूनच प्रश्नावली भरून घे. या कात्रीत सापडलेल्या तुला माझे एकच सांगणे आहे : रुग्णाला विचार.

मुलगा खोटे बोलतो असे नव्हे. उलटी किंवा चालणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांची उत्तरे बऱ्यापैकी जुळतात. चिंता आणि उदासी यांत मात्र फाटतात, आणि नातेवाईक बहुधा रुग्णाचा त्रास वाढवून सांगतात. आपण डॉक्टर मंडळी तो कमी नोंदवतो, ते वेगळेच. घरच्यांची जागरणे, बुडालेली मजुरी, खानापूर-निपाणीहून होणाऱ्या खेपा यांचाही अभ्यास जरूर व्हावा, पण तो त्यांच्या स्वतंत्र प्रश्नावलीवर. मुलाच्या उत्तरावर आईचे नाव घालू नकोस.

निपाणीकडच्या एका विडी कामगार बाईंना जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बोलता येत नव्हते. मी क्यूएलक्यू-सी३० ही जीवनाची गुणवत्ता मोजणारी तीस प्रश्नांची प्रश्नावली वाचत गेलो आणि त्या ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंतच्या चार रकान्यांवर बोट ठेवत गेल्या. २८वा प्रश्न पैशाच्या अडचणीचा. मागून मुलगा घाईने ‘नाही, नाही’ म्हणाला. बाईंनी पदराने लाळ टिपली आणि ‘खूप’वर बोट ठेवले.

त्या तीसही प्रश्नांत ‘कर्करोग’ हा शब्द कुठेही नाही, म्हणजे घरच्यांची भीती प्रश्नांपुरती तरी निराधार आहे. संमतीपत्राची अडचण मात्र खरी आहे. तिथे आधी विचार : आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? ‘मुलाशी बोला’ असे त्या म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय. तो मान आणि त्यांना अभ्यासातून वगळ. संख्या घटली तर घटू दे.

‘आपल्याकडे हे चालत नाही’ हे मला ऐकवू नकोस. न्यूयॉर्कमधील कर्करोगतज्ज्ञ इथन बाश यांच्या चाचणीत कर्करोग शरीरात पसरलेले ७६६ रुग्ण होते. आपली लक्षणे स्वतः संगणकावर नोंदवणाऱ्या आणि ती बळावताच परिचारिकेला सूचना जाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने, तर नेहमीची देखरेख असलेल्या गटाचे २६ महिने, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाला विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

मला हटवादी म्हणणाऱ्यांचे प्रबंध माझ्याआधी पूर्ण झाले. होईनात का! माझ्या तक्त्यात ज्याचे नाव आहे, त्याचेच उत्तर आहे, आणि त्या विलंबाचे समर्थन मी आजही करीन.

सोमवारी ओपीडी उरकल्यावर मार्गदर्शकांना भेट. प्रश्नावलीच्या माथ्यावर ‘उत्तर कोणी दिले’ असा रकाना छापून घे, आणि नातेवाइकांना तेवढा वेळ चहाला धाडण्यासाठी जोडीला एक खमक्या सिस्टर मागून घे.

आशीर्वादासह,
तुझा सर