शब्दचर्चा : ‘बोकड चारला’ म्हणजे नेमके काय केले?

अमळनेरच्या एका वाचकाने एका व्यंगचित्राविषयी विचारणा केली आहे. चित्राच्या दोन चौकटी आहेत. पहिलीत सकाळची वेळ आहे, खळ्यात बोकड बांधलेला आहे आणि शेजारी कुंपणावरून विचारतो, “बोकड चारला का?” धनी उत्तर देतो, “चारला.” दुसऱ्या चौकटीत संध्याकाळ झाली आहे, ओसरीवर पाहुण्यांची पंगत उठते आहे आणि खुंट्याला नुसतेच दावे लोंबते आहे. शेजारी पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि धनीही तेच उत्तर देतो. या चित्रावरून त्यांच्या घरात वाद झाला. वडील मनापासून हसले, आईला ते क्रूर वाटले, तर पुण्यात वाढलेल्या पुतणीला त्यात हसण्यासारखे काय आहे हेच कळले नाही. त्यांचा प्रश्न असा : दुसऱ्या चौकटीतील ‘चारला’ हा प्रयोग शुद्ध आहे का? चारणे हे केवळ जनावरांसाठीचे क्रियापद असेल, तर पाहुण्यांसाठी ते वापरणे चूक नाही का, आणि तेथे ‘खाऊ घातला’ असे हवे होते का?

प्रयोग शुद्ध आहे. व्यंगचित्रकाराने शब्द फार विचारपूर्वक निवडला आहे आणि त्यात एका अक्षराचाही बदल करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘चरणे’ या क्रियापदाच्या पहिल्या अक्षरातील स्वर दीर्घ होऊन ‘चारणे’ हे प्रयोजक रूप बनते. पडणे–पाडणे, तरणे–तारणे, मरणे–मारणे या जोड्या याच रीतीच्या आहेत. मुळात संस्कृत ‘चर्’ म्हणजे हिंडणे, फिरणे. जलचर, निशाचर, चराचर या शब्दांत तो अर्थ टिकून आहे. गुरे हिंडत हिंडत खातात, म्हणून हिंडण्याचे आणि खाण्याचे मिळून एकच क्रियापद झाले. पुढे त्याच्या प्रयोजक रूपाला दोन वाटा फुटल्या आणि हे व्यंगचित्र नेमके त्या फाट्यावर उभे आहे.

एका वाटेवर चारले जाते ते जनावर. ‘गुरे चारणे’, किंवा आपल्या अहिराणीत ‘ढोरे चाराले जाणं’, यात गुरे हे कर्म आहे आणि ती स्वतःच खाणारी आहेत. दुसऱ्या वाटेवर चारला जातो तो खाद्यपदार्थ, आणि खाणाऱ्याला ‘ला’ किंवा ‘ना’ हा प्रत्यय लागतो : बोकडाला बाभळीच्या शेंगा चारल्या, पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारली, आजीने नातवाला वरणभात चारला. आता ‘बोकड चारला’ हे वाक्य पाहावे. पहिल्या वाटेने गेल्यास बोकडाने पाला खाल्ला. दुसऱ्या वाटेने गेल्यास बोकड खाल्ला गेला आणि खाणारा वाक्यात अध्याहृत राहिला. एकाच वाक्यात एकच प्राणी जेवणाराही ठरतो आणि जेवणही ठरतो.

हे घडण्यासाठी कर्माला प्रत्यय नसणे अत्यावश्यक आहे, आणि व्यंगचित्रकाराची भाषेची जाण मला येथे दिसते. ‘बोकडाला चारले का?’ असा भावे प्रयोग केला असता, तर बोकड हा खाणाराच राहिला असता आणि दुसरी चौकट कोसळली असती. ‘बोकड चारला’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद बोकडाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण त्या बोकडाचे पुढे काय झाले हे ते सांगत नाही. खेड्यात रोजच्या बोलण्यात हा घोटाळा होत नाही, कारण बहुतेक जण ‘चारून आणला’ असे म्हणतात, आणि ‘आणला’ या शब्दाने बोकड सुखरूप घरी आल्याची खात्री पटते. आपल्याला निःसंदिग्ध वाक्य हवे असेल, तर तेच वापरावे. व्यंगचित्रात मात्र ते घालू नये.

‘खाऊ घालणे’ हे न्हाऊ घालणे, जेवू घालणे यांच्या घरातले क्रियापद आहे आणि त्यात माया व आदर आहे. पाहुण्यांना आपण जेवू घालतो, हे आपले म्हणणे त्या मर्यादेत बरोबर आहे. परंतु बोकड ‘खाऊ घातला’ या शब्दांत तो बोकड स्वतः जेवल्याचा अर्थ येऊच शकत नाही, त्यामुळे पहिल्या चौकटीत ते वाक्य निरुपयोगी ठरते. ‘भरवणे’ तर घासाघासाने लहानग्याला किंवा आजाऱ्याला भरवणे. त्याचा येथे विचारच नको.

चारणे हे केवळ जनावरांसाठी आहे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. नातवाला चारणारी आजी त्याला जनावर समजत नसते. तरीही माणसांच्या बाबतीत हे क्रियापद आले की त्याला एक वेगळी छटा येते, हे मान्य केले पाहिजे. शत्रूला धूळ चारतात, प्रतिस्पर्ध्याला खडे चारतात, अधिकाऱ्याला पैसे चारतात आणि निवडणुकीच्या दिवसांत गावाला बोकडही चारतात. या सर्व प्रयोगांत काय खायचे हे खाणारा ठरवत नाही, चारणारा ठरवतो. आजीच्या वरणभातातही सत्ता आजीचीच असते, फक्त ती प्रेमाची असते. म्हणून दुसऱ्या चौकटीतील ‘चारला’ ऐकताना त्या पाहुण्यांविषयीही क्षणभर शंका येते, की यांना कशासाठी चारले असावे? ही शंका ‘जेवू घातले’ या शब्दांनी आली नसती.

असाच उलटा फेरा ‘बळी’ या शब्दातही आहे. काकबळीत कावळ्याला अन्न मिळते. बोकडाचा बळी देतात तेव्हा बोकडाचा जीव जातो. मुळात ‘बलि’ म्हणजे अर्पण केलेला भाग, मग तो भाताचा असो वा प्राण्याचा.

आपल्या घरातील तिघांच्या प्रतिक्रियांकडे मी याच दृष्टीने पाहतो. वडिलांच्या कानात दोन्ही अर्थ जिवंत आहेत, म्हणून त्यांना हसू आले. आईलाही दोन्ही अर्थ कळले, पण त्यांची नजर लोंबत्या दाव्याकडे गेली असावी. ज्या हाताने सकाळी पाला घातला त्याच हाताने संध्याकाळी वाढले, हे त्यांना खुपले, आणि तेही चित्राचे योग्यच वाचन आहे. पुतणीला विनोद कळला नाही, यात तिच्या बुद्धीचा दोष नाही. गुरे चारणे हा अर्थ तिच्या रोजच्या ऐकण्यात नसेल, तर पहिल्या चौकटीतही तिला बोकडाचे मटणच दिसले असणार, आणि मग सकाळचे व संध्याकाळचे वाक्य तिच्यासाठी एकच ठरले. तिला एकदा शेळ्या चारून आणणाऱ्या कोणाबरोबर बोरी नदीच्या काठाने पाठवावे, आणि परत आल्यावर तेच चित्र पुन्हा दाखवावे.