‘आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं’

“मॅडम, हे नक्की कुणाकडून आलं?”

थॅलेसेमिया मेजर म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा, आईवडिलांकडून येणारा आजार. तो असलेल्या मुलांच्या घरच्यांबरोबर काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. आमच्या डे-केअरच्या खोलीत एका वेळी सहा-सात मुलांना रक्त चढत असतं. कुणी मोबाइल बघतंय, कुणाची आई डबा उघडून भरवतेय, आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्याजवळ खुर्ची ओढून हा प्रश्न विचारतं. शब्द वेगवेगळे असतात. एखादी म्हणते, “दिवस असताना मी काही वावगं खाल्लं का?” एखादा बाप मान खाली घालून म्हणतो, “मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.” गेल्या महिन्यात चौघांनी विचारलं, म्हणून ओमच्या घरची हकिगत लिहिते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ओमच्या आईला आधी वाचायला दिलं होतं.

ओम अकरा वर्षांचा. सात महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. त्याची आई सुजाता माझ्याकडे आली ती मात्र वेगळीच तक्रार घेऊन. “हा गोळ्या घेत नाही. फेरिटिन ४,२०० झालंय. डॉक्टर रागावले. मी काय करू?”

फेरिटिन म्हणजे अंगात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा. या गोळ्यांचं महत्त्व आधी सांगायला हवं. रक्ताच्या एका पिशवीबरोबर अंगात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. शरीराकडे ते बाहेर टाकायची वाट नाही; दिवसाला जेमतेम एखादं मिलिग्रॅम जातं. बाकीचं यकृतात, हृदयात, वाढीच्या ग्रंथींत साचत राहतं. रक्त मुलाला जगवतं आणि रक्तातूनच आलेलं लोह त्याला आतून पोखरतं, म्हणून ते काढणारं औषध रोज घ्यायचं. एकही दिवस चुकवून चालत नाही.

“सकाळी काय काय होतं, क्रमाने सांगा,” मी म्हटलं.

“साडेसहाला मी गोळ्या पाण्यात टाकते. विरघळेपर्यंत ढवळते. हे अंघोळीला जातात. सासूबाई देवघरात. ओम वरचं पाणी पितो, तळाचा साका बेसिनमध्ये ओतून देतो.”

औषध त्या साक्यातच असतं. पुन्हा थोडं पाणी घालून, हलवून तो प्यायचा असतो. ओमला हे पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला त्याच्या हाताला सुई लागलेली असताना मी त्याच्याजवळ बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “चव फार घाण असते का रे?”

“खडूसारखी. पण तसं नाही.”

“मग कसं?”

“चमचा वाजायला लागला की सगळे उठून जातात. मग आई रडते. मी सगळं प्यायलो तरी रडते.”

मुलांना आपण आजार किती सांगावा, याची चर्चा आईवडील महिनोन्महिने करतात. मूल तोवर सगळ्यांचे चेहरे वाचून मोकळं झालेलं असतं. ओमने वाचलं होतं ते एवढंच की हा ग्लास घरात दुःख आणतो. त्याने ग्लास टाळला.

म्हणून मी आधी सुजाताशी बोलत राहिले. मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने जाणारी. माणूस घडलेल्या गोष्टीने जितका मोडतो, त्याहून जास्त तिच्याविषयी स्वतःला जे बजावत राहतो त्याने मोडतो, असं माझ्या अनुभवाला पुन्हा पुन्हा आलं आहे.

“तुम्ही थॅलेसेमिया मायनर आहात हे लग्नाआधी ठाऊक होतं?”

“नाही. ओमच्या वेळीच कळलं.”

“कळून लपवलं असतं तर तुम्ही स्वतःला काय म्हणाला असता?”

“गुन्हेगार.”

“आणि न कळता झालं तर?”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “पण झालं माझ्यामुळेच ना, मॅडम?”

“हो. तुमच्यामुळे आणि ओमच्या बाबांमुळे, महेशमुळे, दोघांमुळेही. पण ‘मुळे’ हा शब्द कारण सांगतो. कसूर सांगत नाही.”

हे वाक्य मी आता कित्येकांना सांगते, पण सापडलं ते त्या दिवशी, तिच्या प्रश्नातून. कारण आणि कसूर या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि आयुष्यभर वाहतो. आईवडिलांकडे या गुणाच्या दोन-दोन चिठ्ठ्या असतात. मायनर माणसाची एक चांगली, एक बिघडलेली. स्वतःला काही त्रास नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. प्रत्येक जण बाळाच्या मुठीत एक चिठ्ठी ठेवतो, तीही डोळे मिटून. दोघेही मायनर असतील तर दोन्ही बिघडलेल्या चिठ्ठ्या एकत्र येण्याची शक्यता दर गरोदरपणी चारात एक. यात आईचं खाणं नाही, ग्रहण नाही, कुणाचे पाय पांढरे नाहीत. आणि एकट्या आईकडून मेजर येत नाही, हे प्रत्येक सासरी मोठ्याने सांगायला हवं. प्रत्यारोपणासाठी ओमच्या मोठ्या बहिणीचा बोनमॅरो जुळला नाही, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या पोरीने भावाला ‘सॉरी’ म्हटलं होतं. त्या घरात अपराधीपणाची लागण इथवर पोहोचली होती.

सुजाताला पटलं. पण घरी गेलं की सासूबाईंचं एक वाक्य तयार असे, “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं.” ते ऐकून मनावर कसं घ्यायचं नाही, याची तयारी मी तिच्याकडून सहा महिने करून घेतली. आजींना मात्र एकदाही बोलावलं नाही. ती माझी चूक होती.

निमित्त झालं महेशच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. महेश मायनर, म्हणजे बहीण मायनर असण्याची शक्यता निदान निम्मी. लग्नाआधी एचबी-ए-टू, म्हणजे मायनर आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, असं मी सुचवलं. महेश म्हणाला, “आई ऐकायची नाही. जमलेलं लग्न मोडेल म्हणते.”

मग मी आजींना रक्ताच्या दिवशी बोलावलं. आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. आत खजुराचे लाडू. “रक्त वाढावं म्हणून करते. बिटाचा रसही देते याला, ही नको म्हणते तरी.”

ओमच्या अंगात लोह आधीच जास्त आहे, त्यात खजूर-बिटाची भर नको, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या डब्याचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं की मी वेगळंच विचारलं. “आजी, असं पांढरं पडलेलं मूल तुम्ही आधी पाहिलंय का?”

बराच वेळ त्या ओमच्या नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे बघत राहिल्या.

“माझा पहिला,” त्या म्हणाल्या. “महेशच्या आधीचा. दीड वर्षाचा होऊन गेला. मेणासारखा पिवळा पडला होता, पोट हे एवढं. गावात म्हणाले, नजर लागली. सासूबाई म्हणाल्या, ही पांढऱ्या पायाची. तेव्हापासून मी कुणाला सांगितलं नाही.”

महेशला आपल्याला भाऊ होता हेच माहीत नव्हतं. सुजाताने पदराने डोळे टिपले, आणि या वेळी ती स्वतःसाठी रडत नव्हती. ते बाळ याच आजाराने गेलं का, हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि मीही तसं म्हटलं नाही. पण ‘आमच्या घराण्यात नव्हतं’ या वाक्याचा अर्थ मला तिथे उलगडला. तो सुनेवरचा आरोप नव्हताच. चाळीस वर्षांपूर्वी स्वतःवर झालेल्या आरोपापुढे धरलेली ती ढाल होती. इतके दिवस मी सुजाताला त्या ढालीपासून वाचवत होते.

ओमनेच शांतता मोडली. “आजी, त्याला रक्त नाही का दिलं?”

“कुणाला कळलंच नाही रे, बाळा.”

“मला तर देतात.”

“हो. तुला देतात.”

मी त्यांना इतकंच म्हटलं, “आजी, तुम्हीही काही केलं नव्हतं.” त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. त्या दिवशी लाडवांचा डबा मात्र परत गेला.

ओम दुसऱ्या दिवसापासून शहाण्यासारखा औषध घ्यायला लागला, असं झालं नाही. मी घरच्यांना दोनच कामं दिली. औषधाच्या वेळी कुणी उठून जायचं नाही, आणि ग्लास ओमने स्वतः ढवळायचा. पहिल्या आठवड्यात महेश दोनदा उठला. ओमने त्याला हाक मारून बसवलं. साका पिताना तोंड वाकडं करायची परवानगी होती. आजीने समोर बसून तसंच तोंड केलं की तो हसायचा. फेरिटिन वर्षभरात २,६०० वर आलं. अजून बरंच उतरायचं आहे.

तुमच्या घरी असं मूल असेल तर औषधाची वेळ आधी बघा, चव नंतर. त्या वेळी घरात कोण कुठे असतं, कुणाचा आवाज बदलतो, हे टिपून ठेवा. मुलाला आजाराचं नाव सांगा, शाळेत वर्गशिक्षकांना सांगा. थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्र काढून घ्या, त्यात लाज कसली? नातेवाइकांना ‘अशक्तपणा आहे’ म्हणणं थांबवा, कारण आपला आजार लपवण्यासारखा आहे हे मूल त्यातूनच शिकतं. पुढचं मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटा. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. आणि घरातल्या तरुणांची लग्नाआधी तपासणी करा. मायनर निघाल्याने लग्न मोडायची गरज नाही. जोडीदार मायनर नसेल तर मुलाला मेजर होत नाही, आणि असेल तर निदान डोळे उघडे ठेवून पुढचं ठरवता येतं.

हे सगळं मी आजींनाही सांगितलं होतं. त्या ऐकून घेत, बोलत काही नसत. लग्नाला दोन महिने उरले असताना एका सकाळी त्या मुलीला घेऊन आमच्या लॅबच्या खिडकीशी उभ्या दिसल्या. मुलगी घाबरली होती. टेक्निशियनने तिचं नाव पुकारलं, तशा आजी तिच्या पुढे झाल्या, काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

“आधी माझं घ्या,” त्या म्हणाल्या.