लॅटिन-ग्रीक मूळशब्द पाठ करून इंग्रजी शब्दसंग्रह खरंच वाढतो का?

तुम्ही लिहिलंय की बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश घेतलाय, आणि कुणीतरी तीनशे मूळशब्दांची पीडीएफ पाठवून 'एवढं पाठ कर, इंग्रजी आपोआप येईल' असं सांगितलंय. माझं मत: पाठ करू नका. पीडीएफ जवळ ठेवा, पण उलटीकडून वापरा. आधी शब्द समोर येऊ दे, मग तो फोडा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि मीही मराठी माध्यमाचीच. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या रिपोर्टांवर 'थ्रॉम्बोसायटोपेनिया' रोज टाइप करायचे आणि रोज स्पेलिंग चुकवायचे. शेवटी आमच्या मॅडमनी एका रद्दी कागदावर तो शब्द लिहिला आणि पेनाने दोन उभ्या रेघा मारल्या. थ्रॉम्बो, सायटो, पेनिया. गुठळी, पेशी, तूट. गुठळी धरणाऱ्या पेशींची तूट, म्हणजे प्लेटलेट कमी. त्यानंतर ल्युकोपेनिया मला कुणी समजावून सांगितला नाही. ल्युको म्हणजे पांढरा एवढंच कळलं, बाकीचं माहीतच होतं. एक शब्द नीट फोडला की त्याचे तुकडे पुढच्या दहा शब्दांत भेटतात. नुसती यादी घोकली तर आठवड्यात सगळं धुऊन जातं. मी करून पाहिलंय.

आपल्याला एक फायदा आहे, तो सोडू नका. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घराण्यातल्या. विल्यम जोन्स या ब्रिटिश भाषाभ्यासकांनी 1786 मध्ये कलकत्त्याला हे जाहीर भाषणात मांडलं होतं. लॅबमधलाच दाखला घ्या. तांबड्या पेशीला एरिथ्रोसाइट म्हणतात. ग्रीकमधला 'एरिथ्रॉस' म्हणजे तांबडा, आणि आपलं 'रुधिर' त्याच्याच भाऊबंदातलं. ॲनिमियातला 'ॲन' म्हणजे आपला नकाराचा 'अ'. नियमसुद्धा तोच! व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. आपण अज्ञान पण अनिच्छा म्हणतो, ते एटिपिकल पण ॲनार्की म्हणतात.

हायपर आणि हायपो यांत तर माझी चांगलीच फजिती झालीय. तीनशेच्या वर गेलेली साखर मी एकदा डॉक्टरांना फोनवर 'हायपोग्लायसेमिया' म्हणून सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "ताई, आकडा परत सांगा." त्या दिवसापासून डोक्यात पक्कं बसलंय: हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप. उपसरपंच सरपंचाच्या खाली, तसं हायपो खाली. (हे नुसतं लक्षात ठेवायला जुळवलेलं नाही, हे शब्द खरोखर एकमेकांचे नातलग आहेत.)

स्पेलिंगमधली दुहेरी अक्षरं तुम्हाला छळत असतील तर आठवीनववीतली संधी आठवा. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. तसंच 'इन' अधिक 'लीगल' म्हणजे इल्लीगल, म्हणून तिथे दोन एल. 'इन' अधिक 'मोबाइल' म्हणजे इम्मोबाइल, दोन एम. संधीचे गुण बोर्डात गेले असतील, पण ते शिकणं वाया गेलेलं नाही.

आता फसगत कुठे होते तेही सांगते. 'पेड' म्हणजे पाय असं यादीत असतं. पेडेस्ट्रियन, पेडल, ठीक. मग पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर का नाही? कारण तिथलं 'पेड' लॅटिनमधलं नाही, ग्रीकमधलं आहे, आणि त्याचा अर्थ मूल. गंमत म्हणजे ऑर्थोपेडिकमध्येही पाय नाही, मूलच आहे. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने 1741 मध्ये मुलांच्या शरीरातला वाकडेपणा सरळ करण्याबद्दल पुस्तक लिहिलं, त्यासाठी हा शब्द घडवला: ऑर्थो म्हणजे सरळ. आज त्याच नावाच्या विभागाबाहेर गुडघे धरून आजीआजोबा बसलेले असतात. म्हणून फोडून आलेला अर्थ हा अंदाज समजा आणि डिक्शनरीत एकदा बघाच. दिसायला सारखे शब्द नात्यातले असतातच असंही नाही. लॅटिन 'देउस' आपल्या 'देव'चा नातलग आहे, ग्रीक 'थिऑस' मात्र नाही, अर्थ देवच असला तरी.

आणि साध्या बोलण्याला यातलं काही उपयोगाचं नाही. गेट, पुट, टेक आणि त्यांच्या मागे लागणारे अप-ऑफ-आउट हे मुळात जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घरातले, लॅटिन-ग्रीकमधून आलेले नाहीत. ते ऐकून आणि बोलूनच येतात.

सुरुवात कुठून करायची विचाराल, तर पीडीएफच्या आधी तुमचं जुनं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक काढा. त्यातल्या कितीतरी संज्ञा मूळ शब्द तुकड्या-तुकड्याने उलगडूनच केलेल्या आहेत. आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद: आर्थ्रो सांधा, पोड पाय. हा सांधा आर्थ्रायटिसमध्ये परत भेटेल. एकायनोडर्माटा म्हणजे कंटकचर्मी, आणि त्यातलं 'डर्मा' त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवर. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, 'सिन'ला 'सम्'. अँफिबियन म्हणजे उभयचर. इथे मात्र 'बायो'चा, म्हणजे जगण्याचा, आपण 'चर' केलाय. वहीच्या एका बाजूला मराठी संज्ञा लिहा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि दोन्हींवर पेनाने रेघा मारा.